पुन्हा सांग, सुदाम

सुदाम, तुला दिसत होतं की नव्हतं?

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. पुढे तुझा फोटो, मेणबत्त्या, वंदना चाललेली. सगळे हात जोडून बसलेले आणि माझ्या डोक्यात हा एकच प्रश्न. अशा वेळी मित्राला मित्राचं काहीतरी बरं आठवावं. मला तेवढंही साधलं नाही. वंदना झाल्यावर एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उठला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोला की. तुमच्याइतकं कोण ओळखतं त्यांना?" मी उठलो, आणि माईककडे जायच्या ऐवजी पाण्याच्या पिंपाकडे गेलो. तहान नव्हती. तरी पेलाभर प्यायलो, पुन्हा भरला, पुन्हा प्यायलो.

आता आपल्या कामगार मंडळाच्या अंकासाठी "पगारे सरांवर लिहा" म्हणून पोरं मागे लागली आहेत. तुझ्यावर लिहायला बसतो आणि उठतो. खिडकी लावतो, उघडतो. पेनात शाई आहे की नाही ते बघतो. तुझ्यावर लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून तुलाच लिहितो. बाकीच्यांनी वाचलं तर वाचोत. त्यांतल्या निम्म्यांना यातलं बरंचसं ठाऊकच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की सातपूरच्या कारखान्यात कॅन्टीनमागे जी पत्र्याची खोली आहे तिथे तू आणि मी मिळून तपासनीस तयार करायचो. डीपी टेस्टचे, म्हणजे रंग लावून भेग शोधायच्या तपासणीचे. ओतलेला, कातलेला, वेल्ड केलेला जॉब आधी धुऊन कोरडा करायचा. त्यावर लाल डाय लावायची. पृष्ठभागावर कुठे केसाएवढी भेग असेल तर तिच्यात ती डाय उतरते. उतरेपर्यंत थांबायचं, मग वरची डाय पुसून घ्यायची आणि पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर आत दडलेला लाल रंग हळूहळू त्या पांढऱ्यावर उमटतो. नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. पोराबाळांना सांगता येईल इतकं सोपं काम. आणि तरी वर्षं गेली आपली ते शिकवण्यात, कारण माणसाला थांबवत नाही आणि जे दिसत नाही ते दिसलं म्हणायची त्याला घाई असते. हे वाक्य तुझं. मी नुसतं उतरवलं.

आपण दोघं एकाच आठवड्यात लागलो. तू इथलाच, मी सटाण्याकडचा. पहिल्याच दिवशी माझ्या आईने बांधून दिलेला डबा उघडला तेव्हा कुणीतरी मला काही विचारलं आणि माझ्या तोंडून "हां, शे ना," असं निघून गेलं. तेव्हापासून तू आमच्या मुलखाचंच नाव मला ठेवलंस, बागलाण. रोज सकाळी गेटवर तुझा आवाज यायचा, "काय बागलाण, बठ्ठं बरं शे ना?" ‘सगळं बरं आहे ना’ हे तुझ्या अहिराणीत, आणि ती भयंकर होती. मी दरवेळी चूक दुरुस्त करायचो आणि तू दरवेळी मुद्दाम तेच म्हणायचास.

वर्ग सुरू झाला तेव्हाचा तू मला सारखा आठवतोस. केसांना तेल लावून भांग पाडलेला, त्यावर पांढरी पूड बसलेली. "मास्तर अकाली पिकले," पोरं म्हणायची. आपल्या दोघांच्याही नखांत लाल डाय कायमची शिरलेली. सुमनवहिनी म्हणायच्या, "सगळ्या नाशकाची रंगपंचमी एक दिवस, आमच्या घरची बारा महिने." एकदा माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत वाढताना माझे हात बघून एक म्हातारा उठूनच गेला. तू पोट धरून हसलास. स्वतःचे हात मात्र पाठीमागे लपवलेस.

थंडीत तुझी खरी गंमत असे. गारठ्यात डाय जड होते, भेगेत उतरायला वेळ लावते. तू नमुन्याच्या पट्ट्या आधी उन्हात मांडायचास, पापडासारख्या, आणि पोरांनाही त्यांच्याशेजारी उन्हात बसवायचास. डाय लावल्यावर कुणी लवकर पुसायला फडकं उचललं की म्हणायचास, "अरे पाहुणा आता कुठे उंबऱ्याच्या आत आलाय, त्याला निघायला काय सांगतोस?" एकलहऱ्याहून वीजकेंद्रातले वेल्डर शिकायला यायचे. त्यांतला एक जण पुसायचं सोडून सॉल्व्हंटचा डबा सरळ जॉबवर ओतायला लागला. त्याने भेगेतली डायही धुऊन निघते, मग भेग असूनही जॉब कोरा दिसतो. तू खोलीच्या त्या टोकाकडून ओरडलास, "तोंड पूस त्याचं, आंघोळ घालू नको!" तो वेल्डर नंतर भेटला की तेच सांगायचा.

मी घाईचा माणूस होतो. अजूनही आहे. मला वाटायचं की पोरांना भेग दाखवावी, हे बघा, अशी दिसते, झालं. तू कधीही दाखवली नाहीस. तू जॉब पोरासमोर ठेवायचास, स्वतः त्याच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेरच्या चिंचेकडे बघत उभा राहायचास आणि म्हणायचास, "सांग काय दिसतं. मी ऐकतोय."

पोरगा सांगायचा. तो सांगून थांबला की तू म्हणायचास, "पुन्हा सांग."

मी एकदा वैतागून विचारलं होतं, "तू स्वतः का बघत नाहीस?"

"मी बघितलं की माझ्या तोंडावर दिसतं. मग पोरं जॉब वाचत नाहीत, माझं थोबाड वाचतात."

"बरं. आणि दोन-दोनदा कशाला विचारतोस?"

तू हसलास. "एवढ्या दिवसांत तुला कळलं नाही? मग राहू दे. तुझं तू शोध, बागलाण."

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! सीबीएस स्टँडवरच्या मिसळीच्या हॉटेलात, पाथर्डी फाट्यावर स्कूटर पंक्चर झाली तेव्हा, तुझ्या मुलीच्या बारशाला. मी म्हणायचो की सांगून टाक. तू म्हणायचास की सांगितलेलं राहत नाही. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की हा सुदाम्याचा वेळकाढूपणा आहे. जगभर लोक अर्ध्या वेळात शिकवतात, याला नाटकं लागतात.

तुला तो भोये आठवतो? पेठकडचा, हिवाळ्यात द्राक्षबागांवर कामाला आलेला, मग आपल्याकडे ग्राइंडिंगला लागलेला. त्याला तू एक कोरी पट्टी दिली होतीस, काहीही दोष नसलेली. नव्या तुकडीत एक तरी कोरी पट्टी तू ठेवायचासच, आणि बहुतेक पोरं तिच्यावरही भेग शोधून काढायची. भोये बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "नाय दिसत सायेब काय."

"पुन्हा सांग."

"नाय दिसत."

"जा. पास."

मी तुझ्यावर चिडलो होतो. त्याने दोन शब्दांत काम उरकलं आणि तू त्याला पास केलंस. तू म्हणालास, "रिपोर्टात लिही, भेग दिसली नाही. भेग नाही असं लिहू नको, ते देव जाणे. दिसली नाही एवढंच आपलं." देव न मानणारा माणूस तू! मी हे म्हटल्यावर तू म्हणालास, "देव मानत नाही म्हणून तर त्याच्यावर ढकलतो."

तेव्हा तुझे डोळे काय होते! पांडवलेण्याच्या पायथ्याला उभा राहून वरच्या पायऱ्यांवर चढणाऱ्या बाईच्या पातळाचा काठ सांगायचास. म्हणून तर पहिल्या तुकडीपासून ती प्रथा तूच पाडलीस. तपासनीसाचे डोळे दरवर्षी तपासायचे असा नियमच आहे, जवळचं बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे. ते कार्ड दवाखान्यात वाचायचं असतं. तू म्हणालास, दवाखान्यात नको, वर्गात, पोरांच्या देखत. आधी मास्तरांचे डोळे, मग पोरांचे. दर तुकडीच्या पहिल्या दिवशी आपण दोघं ते कार्ड हातभर अंतरावर धरून शेवटची ओळ वाचायचो, आणि पोरं टाळ्या पिटायची.

कार्ड एकच होतं. इतकी वर्षं तेच. मला ते झोपेतही म्हणता आलं असतं. तुलाही.

मग ऐंशीचं दशक आलं, तुला साखर निघाली, आणि तू पेढा खायचा सोडला नाहीस. यावर मी आत्ताही तुझ्याशी भांडायला तयार आहे. वहिनी घरात गोड ठेवत नव्हत्या, तर तू कारखान्यात कुणाला मुलगा झाला, कुणाची बढती झाली यावर नजर ठेवून असायचास. "अरे, समोरच्याचा आनंद असतो," म्हणायचास. मला बढती मिळाली, मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख झालो, तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे तू खाल्लेस. तुझ्या आधी मला बढती मिळाली हे तुला लागलं का, हेही मी कधी विचारलं नाही.

मला शंका यायला लागली ती चहामुळे. तू किटलीतून चहा ओतलास आणि तो कपाच्या शेजारी पडला. तू म्हणालास, "हात हलला." मग रिपोर्टावरची तुझी सही ओळीच्या वर चढायला लागली. गेटवर मी हात केला की तू हात करायचास, पण आधी मी बोलल्यावर. आणि वर्गात तू खिडकीकडे तोंड करून उभा, "सांग काय दिसतं. मी ऐकतोय."

तेच वाक्य. तेच उभं राहणं. मी दारातून बघत राहायचो आणि मला समजेना, की हा शिकवतोय की लपवतोय? तू जॉबवर सह्या करत होतास, सुदाम. आपल्या कारखान्यातले ते व्हॉल्व्ह बॉयलरवर बसणार होते. त्याच्यासमोर कुणीतरी माणूस उभा राहणार होता.

मी तुला एकटं गाठून विचारायला हवं होतं. "सुद्या, दिसतंय ना रे?" इतकं सोपं. मी ते केलं नाही, कारण तू हो म्हणाला असतास आणि मला तुझ्यावर विश्वास ठेवावा लागला असता.

नव्या तुकडीचा पहिला दिवस होता. तू कार्ड हातात घेतलंस, सराईतासारखं शेवटच्या ओळीपर्यंत गेलास, पोरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि मी म्हणालो, "थांब. आज दुसरं काहीतरी वाच." पिशवीतून पेपर काढला. लोकांना मी सांगितलं की हाताशी होता. नव्हता. घरून निघताना घडी घालून आणला होता. बाजारभावाचं पान वर येईल अशी घडी. तिथलं अक्षर सगळ्यांत बारीक असतं.

"विंचूरचा कांद्याचा भाव वाच."

तू पेपर धरलास. हातभर अंतरावर, अगदी नियमाप्रमाणे. खोलीत कॅन्टीनच्या फोडणीचा वास येत होता. तू एक भाव सांगितलास.

मला राग आला. भीतीचाच राग असणार. मी म्हणालो, "पुन्हा वाच."

तू पुन्हा एक भाव सांगितलास. तो वेगळा होता. बराच वेगळा. पोरं खदखदून हसली. एक म्हणाला, "सर, एवढ्यात चढला पण?" त्यांना वाटलं, पगारे सर कार्डाची टिंगल करतायत.

तू हसला नाहीस. माझ्याकडे बघितलंस. निदान माझ्या दिशेला.  मग पेपरची घडी घातलीस, माझ्याजवळ आलास, तुझ्या खिशातली वर्गाची किल्ली काढलीस आणि चाचपून माझ्या शर्टाच्या खिशात टाकलीस. हळूच म्हणालास, "आता तू घे वर्ग." खांद्यावर दोन थापा मारल्यास आणि दाराची चौकट हाताने धरत बाहेर गेलास.

मी ते असंच समजलो, की तू माझ्या तोंडावर राजीनामा फेकलास. सगळ्यांदेखत तुला उघडं पाडलं म्हणून तू मला सगळ्यांदेखत किल्ली परत केलीस. त्या दोन थापा मला दोन चपराकींसारख्या लागल्या. रिपोर्टात मी लिहिलं, बारीक अक्षर वाचता आलं नाही. ते खरं होतं. ते आजही मी खोडणार नाही. तुझी सही बंद झाली, ते व्हायलाच हवं होतं.

पण मग साहेबांनी मला बोलावून विचारलं, "पगारेंना सही नको देऊ या, पण शिकवू देत की. शिकवायला काय हरकत आहे?" आणि मी म्हणालो, "वर्ग त्यानेच सोडला, साहेब. किल्ली देऊन गेला." तुला स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्टांच्या खणांत. तू बोटांनी चाचपून माप सांगायचास आणि पोरं वाहवा करायची, ते माझ्यापर्यंत यायचं.

त्यानंतर रोज सकाळी गेटवर तोच आवाज, "काय बागलाण, बठ्ठं बरं शे ना?" मी "हो" म्हणून पुढे सरकायचो. चूक दुरुस्त करायचं मी बंद केलं होतं. तुझं ते मी टोमण्यासारखं ऐकत होतो. तू मात्र आधीसारखंच म्हणत होतास, हे आता इतकं स्वच्छ ऐकू येतं की बसवत नाही.

वर्ग मी घेतला. माझ्या पद्धतीने. भेग दाखवायची, पोरांनी मान डोलवायची. पोरं पटापट तयार झाली. कोऱ्या पट्ट्या मी बंद केल्या, वेळ जातो म्हणून. मग कधीतरी ध्यानात आलं की पोरं जॉबकडे बघून आधी माझ्याकडे बघतात. मी पुढे वाकलो की त्यांना भेग सापडायची. माझं थोबाड चांगलं वाचायला शिकली होती ती.

दवाखान्यात तू मला शेवटचा भेटलास तेव्हा तुझे पाय सुजले होते. वहिनी फळं चिरत होत्या. तू म्हणालास, "मधू." बागलाण नाही, मधू. "एकदा वर्गात येऊन बसायचंय. मागे, गप. मला ऐकायचंय तू कसा शिकवतोस."

मी म्हणालो, "बरा हो आधी. पुढच्या तुकडीला ये."

"पुढची कधी?"

"बघू. दिवाळीनंतर."

वहिनी म्हणाल्या, "न्या ना भाऊजी एकदा. रोज तेच घोकतात, मधूचा वर्ग, मधूचा वर्ग." मी घड्याळाकडे बघितलं. मला वाटत होतं, हा तपासायला येणार. मागे बसून माझ्या चुका ऐकणार. मी केळ्याची साल कोपऱ्यातल्या डब्यात टाकायला म्हणून उठलो आणि तसाच निघालो. दिवाळी झाली. तुकडी मी पुढे ढकलली. आणि तू गेलास.

परवाच्या कार्यक्रमात भोये बोलला. तो आता स्वतः तपासनीस आहे, पोट सुटलंय, पण बोली तीच. म्हणाला, "सर दोन-दोनदा इचारायचे. मी मनात म्हनायचो, सरांना ऐकू कमी येतं का काय!" सगळे हसले. वहिनीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी पिंपाजवळ उभा होतो, पेला हातात, आणि मला हसू येईना. कारण भोयेच्या वेळी तुझे डोळे शाबूत होते. तेव्हा लपवायला काहीच नव्हतं. मग दोनदा कशासाठी?

घरी आल्यावरही तेच. सौभाग्यवती म्हणाली, "जरा टेका की, सारखं या खोलीतून त्या खोलीत काय?" टेकवेना. पुढे ढकललेली तुकडी काल बसणार होती. सकाळी मी लवकर गेलो, तुझ्या जुन्या खोक्यातून एक कोरी पट्टी शोधून काढली, धुतली, डाय लावली, उन्हात ठेवली. पाहुण्याला आत येऊ दिलं. पुसली, पूड फवारली. पांढरीफेक.

तुकडीत खैरनार नावाचा एक हुशार मुलगा आहे, नुकताच डिप्लोमा झालेला, बोलायला चटपटीत. पट्टी त्याच्यासमोर ठेवली. मी खिडकीकडे जाऊन पाठ करून उभा राहिलो. ती चिंच वठली आहे, तुला सांगायचं राहिलं. नुसतं पाठ करणं पुरेसं वाटेना, म्हणून डोळे मिटले.

"सांग काय दिसतं," मी म्हणालो. "मी ऐकतोय."

 मग तो म्हणाला, "सर, एक रेघ आहे. बारीक. डाव्या कडेपासून दोन बोटांवर, उभी."

ठाम आवाज. त्याच्याकडे बघत असतो तर मी मान डोलावली असती. सवयीनेच.

"पुन्हा सांग."

"डाव्या बाजूला, सर... साधारण मधोमध म्हणा. जरा तिरपी."

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची गरजच नव्हती. रेघ सरकली होती, सुदाम. जी खरीच दिसते ती जागेवर राहते, दहादा विचारलं तरी. बनवलेली दुसऱ्यांदा त्याच जागी सापडत नाही, कारण ती जॉबवर नसतेच. एवढंच होतं ते. एवढ्याचसाठी तू मला इतकी वर्षं झुलवलंस. डोळे असोत-नसोत, तुला खिडकीशी उभं राहून ऐकू येत होतं की समोरचा बघतोय की बनवतोय. शेवटच्या वर्षांतही तू शिकवतच होतास. लपवत असशील तर तेही, पण शिकवत होतास.

आणि मग विंचूरचा भाव माझ्या अंगावर आला.

मी रागात "पुन्हा वाच" म्हणालो आणि तुझा भाव सरकला. तो सरकला हे तुला माझ्याआधी कळलं. तू माझ्याकडे बघितलंस ते त्यासाठी. तुला वाटलं, बागलाणने शोधून काढलं एकदाचं. माझंच अवजार घेऊन माझ्याच तुकडीसमोर मला तपासलं, आणि बरोबर तपासलं. म्हणून किल्ली. म्हणून त्या थापा. ज्याला दोनदा विचारायचं कशासाठी हे कळलं, त्यालाच तू वर्ग देणार होतास, आणि तू तो आनंदाने दिलास. मला तर काहीच कळलं नव्हतं, रे. मला नुसता राग आला होता.

म्हणून तुला मागे बसून ऐकायचं होतं. तपासायला नव्हे. तुला वाटत होतं, तुझं "पुन्हा सांग" त्या खोलीत माझ्या आवाजात चालू आहे.

"सर?" मागून खैरनार म्हणाला. "चुकलं का?"

मी वळलो. त्याचं तोंड पडलं होतं. मी म्हणालो, "पट्टी कोरी आहे. नाही दिसलं तर दिसलं नाही म्हणायचं, त्यात पास असतं." तो ओशाळं हसला. मग मी तुकडीला तुझ्याबद्दल सांगितलं, तुझं नाव घेऊन, कांद्याच्या भावासकट. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, निदान त्या भावाला तरी हसतील.

वर्ग सुटल्यावर कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि तिथेच उभा राहिलो. पाय निघेना. तुझे डोळे मी तपासले ते बरोबरच होतं, सुदाम. डोळ्यांसाठी मी दोनदा विचारलं. पण तू किल्ली देऊन "आता तू घे वर्ग" म्हणालास तेव्हा मी एकदाच ऐकलं, आणि मला सोयीचं होतं ते ऐकलं. तुझ्या मागे धावत जाऊन, स्टोअरच्या दारात, गेटवर, दवाखान्यात, कुठेही, मी एवढंच म्हणायला हवं होतं:

पुन्हा सांग.